तिसरं पाणी

बा, मला चार ओळी लिहायच्या आहेत आणि सकाळपासून एकच ओळ झाली आहे. माझ्या नातीने, म्हणजे तुझ्या पणतीने, मला अर्धं पान लिहून मागितलंय. दांडी गावी मावशीच्या घराचा स्लॅब भरला त्या दिवशी काय काय झालं ते, माझ्या हातचं, माझ्या सहीचं. परवा तिचा अहवाल विद्यापीठात जायचा आहे आणि त्याच्या शेवटी हे पान जोडायचं आहे. तो स्लॅब का गंजला याचं कारण त्या अहवालात लिहिलं जाणार. गावाने ते कारण केव्हाच ठरवून टाकलंय, की तुझा हात चुकला. तू गेलास त्याला तीस वर्षं होऊन गेली, तरी त्या ओटीखालून जाताना लोक वर बघतात आणि तुझं नाव घेतात. खरं कारण जाणणारी आता मी एकटीच उरले आहे. मग चार ओळींना एवढा वेळ का लागतोय, ते तुला तरी सांगावं म्हणून हा दुसरा कागद घेतला.

आधी पोरीचं सांगते, तुला आवडेल. पालघरला शिकून तिने बांधकामाचा डिप्लोमा केला आणि मग थेट इंग्लंडातल्या विद्यापीठात गेली. तिथे ती जे शिकते त्याला बिल्डिंग सर्व्हेइंग म्हणतात. मला आधी वाटलं जमिनीची मोजणी असेल, साखळी घेऊन बांधावरून फिरायचं. तर तसं नाही. उभ्या घराची पाहणी करायची. भिंत ओली का झाली, तडा कुठून निघाला, तो जुना आहे की अजून चालतोय, छप्पर किती वर्षं टिकेल, दुरुस्ती करावी की पाडावं, हे सगळं. त्यासाठी त्यांना विटा, लाकूड, सिमेंट, लोखंड यांचा अभ्यास असतो, घरांचे कायदे असतात, नकाशे असतात, आणि ती म्हणते निम्मं शिक्षण तर नुसतं लिहिण्याचं असतं. नीट बघायचं आणि बघितलेलं नीट लिहायचं. बोईसरच्या आमच्या बिल्डिंगीतल्या शेजारीण बाईंनी तिला विचारलं, म्हणजे इंजिनिअर होणार का आर्किटेक्ट? ती म्हणाली, दोन्ही नाही काकू, त्यांनी बांधून झाल्यावर घराला काय होतं ते बघणारी. बाई म्हणाल्या, मग वैदूच की गं बिल्डिंगीची. पोरगी एवढी हसली की तिला ठसका लागला. मी मात्र मनात म्हटलं, असा वैदू आमच्या घरात होऊन गेलाय.

तुझी सगळीकडे थट्टा व्हायची ती आठवते. मुरब्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावात जन्मून दर्याला भिणारा माणूस तू एकटाच. बोटीत पाय ठेवला की तुझ्या पोटात ढवळायचं, आणि आजोबांनी शेवटी हात टेकले. मग तू तारापूरकडे वीज केंद्राच्या वसाहतीचं काम निघालं तिथे गेलास, घाटावरून आलेल्या गवंड्यांच्या हाताखाली थापी धरलीस, हिंदी बोलायला शिकलास, आणि परत आलास तो गावाचा गवंडी होऊन. बोटी किनाऱ्यावर ओढल्या की सगळे आपापल्या बोटीच्या फटी बुजवायला बसायचे आणि तू हातोडी घेऊन घरोघर फिरायचास. घर म्हणजे कायमची ओढून ठेवलेली होडी हाय, असं म्हणायचास. तिची पण दर साली डागडुजी पाहिजे. कोणाच्या दारी लग्न असलं तर आधी तुला बोलवायचे, ओटा माणसांचा भार झेलेल का बघ म्हणून. दोन भावांची मधली भिंत कुणाची यावर तंटा झाला तरी तूच. कोणी जुनं घर विकत घ्यायचं म्हटलं तर सौद्याआधी तुझा पाय त्या घराला लागायचा. तू काही लिहायचा नाहीस. ओटीवर बसून पाणी प्यायचास आणि सांगायचास, आणि ते सांगणं शेवटचं असायचं.

पोरीला मी विचारलं होतं, हे शिकून पुढे करायचं काय? तर तिने बोटांवर मोजत सांगितलं. घर विकत घेणाऱ्यासाठी आधी पाहणी करून द्यायची. जुन्या इमारती जपणाऱ्यांकडे काम असतं. आग लागली, पूर आला तर विम्यासाठी नुकसान कशाने झालं ते ठरवायचं. शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीच्या भांडणात मध्ये उभं राहायचं. नगरपालिकेत, इस्पितळांत, कारखान्यांत इमारतींची देखभाल बघायची. मालकाच्या वतीने चालू बांधकामावर नजर ठेवायची. आणि परीक्षा देऊन, काही वर्षं कुणाच्या हाताखाली काढून, स्वतःच्या सहीने अहवाल द्यायचा. मी ऐकत होते आणि प्रत्येक कामाला तुझा एकेक दिवस आठवत होता. एवढ्या सगळ्या नोकऱ्या तू एकाच हातोडीने केल्यास, बा, आणि आईच्या हातच्या चहावर. इथेही आता पडत्या बिल्डिंगींना असे तपासणारे लागतात म्हणते ती. परत येईल का, ते मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या की वाकड्या होतात.

मी चौथीच शिकलेली, बाकीचं तुझ्याबरोबर फिरून. एकदा, मी पंधरा-सोळाची असेन, पालघरजवळच्या माहीमला वाडीतल्या एका घराची मागची भिंत तू मला ठोकायला दिलीस. मी चार ठिकाणी टकटक केलं आणि म्हटलं, बरी हाय. तू हातोडी माझ्याकडून घेतलीस, पाचव्या जागी मारलीस, आणि तिथे भिंत बद्द वाजली, पोटात काही नसल्यासारखी. सगळ्यांच्या समोर म्हणालास, "उचलली जीभ नि लावली टाळ्याला. घाईत 'बरं हाय' म्हननारा गवंडी घर पाडतो, बाय." मला रडू आलं. घरी येताना तू सुपारीच्या वाडीतून मला एक शहाळं घेऊन दिलंस. त्यानंतर वीस वर्षं मी बोईसरच्या बांधकामांवर काम केलं, बिगारी म्हणून लागले आणि बायकांची मुकादम होऊन सुटले, पण एकदाही चार ठिकाणी ठोकून भिंत बरी म्हटली नाही. निदान भिंत तरी नाही.

वाळूचं तू मला त्याच्याही आधी शिकवलं होतंस. आपल्याकडे रेती खाडीची. ती तशीच सिमेंटात घातली की आतलं मीठ लोखंडाला खातं, हे तू वसाहतीच्या कामावर शिकून आलास, आणि गावात तेव्हा ते कुणाला पटत नव्हतं. दर्यात जन्म गेला, मिठाने कुणाचं वाईट झालंय, म्हणून हसायचे. तू ऐकायचा नाहीस. अर्ध्या पिंपात वाळू घालून विहिरीच्या पाण्याने तीनदा धुवायची आणि मग चिमूटभर जिभेवर ठेवून बघायची. "पयलं पानी मातीचं, दुसरं दर्याचं, तिसरं आपलं," हे तुझं म्हणणं. दोन पाण्यांवर तू कधी भागवलं नाहीस. वाळू चाखणारा गवंडी म्हणून तुला पोरं चिडवायची, आणि तू जीभ काढून दाखवायचास.

आता तो दिवस. मावशीचं घर दांडीच्या त्या आळीतलं पहिलं स्लॅबचं घर. माझं लग्न ठरायचं होतं. तुला आदल्या दिवसापासून ताप, आणि आईने मला निघताना बजावलं होतं की त्याला लवकर घरी आण. मी पहाटेपासून आईबरोबर वलांडीवरचे सुके बोंबील काढत होते. बांबूच्या त्या रांगा रिकाम्या केल्या, दोन बोंबील चुलीत भाजून चहाबरोबर खाल्ले, आणि तुझ्यामागून आले. नारळ फुटला. पाहुण्यारावळ्यांच्या बायका रांगेत उभ्या राहिल्या, घमेली हातोहात वर जायला लागली, मावशी मधेच सगळ्यांना जवळ्याची भाकरी भरवत होती. तू डोक्याला टॉवेल गुंडाळून उपड्या घमेल्यावर बसला होतास. उन्हात बसून कुडकुडत होतास. चुलीच्या बाजूचा भाग भरून झाला आणि ओटीकडचा राहिला तेव्हा धुतलेली वाळू संपली. नवी वाळू पिंपात पडली, तिला दोन पाणी दिलं, आणि विहीर तळाला गेली. पाणी झिरपून चढायला दोन तास तरी लागले असते. बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या, वरचे गडी हाका मारतायत की माल सुकतोय. तू चिमूटभर वाळू तोंडात घातलीस आणि थुंकलास. मग मला जवळ बोलावलंस.

"बाय, माजी जीभ कडूजहर झालीय तापानं. तू बघ. खारी हाय का गोडी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी वाळू जिभेवर ठेवली. आणि म्हटलं, "गोडी हाय, बा."

"मंग टाका," तू म्हणालास. तू दुसऱ्यांदा चाखली नाहीस, दुसऱ्या कुणाला चाखायला दिली नाहीस. टेकूला डोकं लावून बसल्या बसल्या झोपलास. ओटीचा स्लॅब भरून झाला तरी तुला जाग आली नाही.

पुढे दहा-बारा वर्षं काहीच झालं नाही. माझं लग्न झालं, पोरं झाली. मग ओटीच्या स्लॅबला खालून तांबूस डाग आले, मग तडे, आणि एका दुपारी पाटीएवढा ढपला खाली आला तो मावशीच्या सुकटीच्या टोपलीत. कुणाला लागलं नाही, पण सळया उघड्या पडल्या, हाताने सोलता येतील अशा. मावशीचं तोंड तुला माहीत आहे, तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिने धाकट्या मामेभावाच्या लग्नात, भर पंगतीत म्हटलं. भावोजींनी बांधलं नि दर्यानं खाल्लं. म्हाताऱ्याला तापात कामाला लावलं हीच आमची चूक. सगळे हसले, तेवढ्यापुरते. तू पानावरून उठला नाहीस, जेवलास, हात धुतलेस. घरी आल्यावर पिशवीतून ओळंबा काढलास, तो पितळेचा, दोरी काळी पडलेला, आणि माझ्या हातात दिलास. म्हणालास, माज्याकडं आता नको. त्यानंतर तू कुणाच्या भिंतीला हात लावला नाहीस. बोलावणं आलं तर दुसऱ्याचं नाव सुचवायचास. लोक मला म्हणायचे, बापाने जन्माचं ज्ञान तुला दिलं. मी तो ओळंबा कपाटात कपड्यांखाली ठेवला आणि कित्येक वर्षं बाहेर काढला नाही. पोरगी इंग्लंडला निघाली तेव्हा तिच्या बॅगेत घातला. तिच्याकडे लाल उजेडाने भिंत मोजायचं यंत्र आहे, तरी या खेपेला दांडीला गेली तेव्हा आधी तुझा ओळंबा सोडला आणि मग यंत्र लावलं. दोघांचं उत्तर एक आलं म्हणून तिने मला फोन केला.

तिच्या शेवटच्या वर्षाच्या अभ्यासाला तिने किनाऱ्यावरची जुनी स्लॅबची घरं निवडली आणि त्यात मावशीचं घर आपणहून घेतलं. मावशी नाही आता. तिचा नातू तिथे राहतो, ओटीला लोखंडी टेकू लावून. पोरीला एकच कोडं पडलं होतं. एका दिवशी भरलेला एकच स्लॅब, मग स्वयंपाकघराकडचा खणखणीत आणि ओटीकडचा सडका कसा? लोक म्हणाले ओटीला खारं वारं लागतं. तिने दोन्हीकडे बारीक भोकं पाडली, खोलीप्रमाणे वेगवेगळी भुकटी पिशव्यांत भरली आणि तपासायला पाठवली. बाहेरून मीठ आलं असतं तर वर जास्त नि आत कमी सापडलं असतं, असं तिने मला समजावलं. ओटीच्या स्लॅबात ते वरपासून आतपर्यंत सारखंच निघालं. म्हणजे वाऱ्याने आलेलं नव्हे. भरतानाच आत होतं.

गेल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात बोंबलांचं कालवण ढवळत होते आणि ती ओट्याशी उभी राहून मला लिहिलेलं मराठीत वाचून दाखवत होती, आजीला कळतंय का बघू म्हणून. ओटीच्या भागात न धुतलेली किंवा अपुरी धुतलेली वाळू. कारण, गवंड्याचं दुर्लक्ष, बहुधा आजारपणामुळे. शेवटचे शब्द मावशीच्या नातवाने सांगितलेले. माझ्या हातातला डाव थांबला. मी म्हटलं, ते दुर्लक्ष खोड. त्या दिवशी वाळू मी चाखली होती.

तिने लगेच वही उघडली. नातीचा चेहरा गेला आणि दुसराच आला, शांत, कान देऊन ऐकणारा. तुझा भिंत ठोकतानाचा असायचा तसा. मी पहाटेपासून सांगितलं, वलांडी, भाजलेले बोंबील, चहा, तुझा ताप, आटलेली विहीर. मी पुढे काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "म्हणजे आजी, खारं खाऊन तुझी जीभ बधिर झाली होती. तुला चव कळलीच नसणार." आणि मी हो म्हणून मान हलवली.

तिचा चेहरा निवळला. पणजोबांचं नाव सुटलं आणि आजीचंही काही बिघडलं नाही. तिने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, हे तुझ्या हाताने लिहून दे, मी तसंच जोडते. जाता जाता विद्यापीठातल्या त्यांच्या बाईंनी शिकवलेलं सांगितलं. जे दिसलं ते एकीकडे लिहायचं, त्यावरून जे वाटलं ते दुसरीकडे, आणि जे माहीत नाही तिथे माहीत नाही असं लिहायचं. या तिघांची मिसळ झाली की अहवाल खोटा, मग त्यातला एकेक शब्द का खरा असेना.

म्हणून ओळ अडली आहे, बा. पहिली लिहिली की वाळूची चव मी घेतली. दुसरी लिहायला गेले की ती हलवलेली मान आठवते.

तुझी शेवटची दोन वर्षं तू ओटीवर बसून एकच हिशेब लावायचास. खडी बरोबर होती. सळई बरोबर होती, मी मोजली. पाणी जास्त झालं का? टेकू लवकर काढले का? मी माहेरी आले की मला विचारायचास, "मंग काय चुकलं, बाय?" आणि मी म्हणायचे, काय माहीत बा, जुनी गोष्ट झाली. आता इतक्या वर्षांनी एक ध्यानात येतंय. तू सगळ्याचं विचारलंस, वाळूचं कधीच विचारलं नाहीस. गावभर वाळू चाखत फिरणारा माणूस वाळू विसरला असेल का? की तुला कळलं होतं, आणि तू मला त्या प्रश्नापासून लांब ठेवत होतास? एकदा विचारलं असतंस तर मी सांगून टाकलं असतं, असं मला वाटतं. वाटतं ते दुसऱ्या बाजूला लिहायचं, म्हणून इथे लिहिते. आज तू समोर असतास तर नुसती तुझ्या पायाशी बसून राहिले असते, तू विचारेपर्यंत.

ती पाच वाजता पानाचा फोटो काढायला येईल. त्याच्या आत दुसरी ओळ लिहायची आहे. हा कागद मात्र तिला द्यायचा नाही, तो तुझा आहे. ती ओळ तिच्याआधी तू ऐकायला हवीस एवढंच. मी खारी म्हटलं असतं तर तू उठला असतास. त्या तापात, त्या उन्हात, पाणी चढेपर्यंत उभा राहून तिसरं पाणी स्वतः दिलं असतंस, आणि मला ते बघवलं नसतं. बोंबील खाल्ले होते हे खरं. पण मिठात हात घालून वाढलेल्या पोरीला मीठ ओळखू येत नाही, असं कधी होतं का? वाळू खारट होती, बा. मला लागली होती.